हजेरीपटापलीकडचा समावेश: पदवीधर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न

प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाचा विचार करताना शाळेत दाखल झालेल्या मुलांची संख्या हाच बराच काळ प्रगतीचा मुख्य निकष मानला गेला. दाखल झालेले मूल वर्गात प्रत्यक्ष काय शिकते, हा प्रश्न त्यामानाने उशिरा विचारला गेला. दृष्टिहीन, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम, स्वमग्न किंवा अध्ययन अक्षम मुलांच्या बाबतीत या दोन गोष्टींमधील अंतर विशेष जाणवते. मुलाचे नाव हजेरीपटावर असते, त्याला गणवेश व पाठ्यपुस्तके मिळालेली असतात, मधल्या सुट्टीत ते सर्वांबरोबर पंगतीला बसते. मात्र पाठ सुरू झाला की त्याचा वर्गाशी असलेला संबंध तुटतो. हे अंतर भरून काढण्याचे काम अखेरीस वर्गावर शिकविणाऱ्या शिक्षकाकडेच येते. त्यामुळे या शिक्षकाची पूर्वतयारी कशी होते, हा समावेशक शिक्षणाच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्या जनगणनेत अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र प्रवर्ग नव्हता, हे लक्षात घेतल्यास वर्गातील गरजांची व्याप्ती या आकड्यांपेक्षा मोठी आहे, हे उघड आहे.

एकात्मिक ते समावेशक

अपंग मुलांनी शक्य तेथवर सर्वसाधारण शाळांतच शिकावे, ही भूमिका कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात घेतली होती. या आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ होते. त्यानंतर १९७४मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना सुरू केली. या योजनेत साहित्य, भत्ते व विशेष शिक्षक यांसाठी साहाय्य मिळत असे. मूल सामान्य शाळेत बसे. परंतु त्याच्या शिकण्याची जबाबदारी प्रामुख्याने विशेष शिक्षकाची मानली जाई. शाळेच्या अध्यापनपद्धतीत बदल होणे अपेक्षित नव्हते. शाळेशी जुळवून घेणे हे मुलाचे काम होते.

जून १९९४मध्ये स्पेनमधील सॅलामांका येथे ९२ देशांची सरकारे व २५ आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या प्रतिनिधींनी संमत केलेल्या जाहीरनाम्याने ही दिशा बदलली. शाळेनेच मुलांच्या विविधतेनुसार बदलावे, हा समावेशक शिक्षणाचा गाभा त्यातून पुढे आला. भारतात १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने वयाच्या १८व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. त्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २००९चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१०पासून अमलात आला आणि २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित घटकांच्या व्याख्येत स्पष्ट समावेश झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने प्रकारांची संख्या २१वर नेली. विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा त्यात अंतर्भाव आहे. दिव्यांग व इतर विद्यार्थी एकत्र शिकतील आणि अध्यापनाची व्यवस्था त्यांच्या गरजांनुसार जुळवून घेतली जाईल, अशी समावेशक शिक्षणाची व्याख्याही या कायद्यात आहे. शिक्षक प्रशिक्षण संस्था पुरेशा संख्येने उभारणे, तसेच सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे शिक्षक घडविणे व नेमणे ही शासनाची जबाबदारी ठरविण्यात आली आहे.

पदवीधर शिक्षक कोण?

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पदवीधर शिक्षक’ हा शब्द सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी रूढ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांकरिता किमान एकेक शिक्षक आवश्यक आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांप्रमाणे पदवीनंतर बी.एड. किंवा पदवीसह प्रारंभिक शिक्षणातील दोन वर्षांची पदविका हे या पदासाठीचे प्रमुख मार्ग आहेत. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणेही आवश्यक असते. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३पासून घेतली जाऊ लागली.

पहिली ते पाचवीची स्थिती वेगळी आहे. या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरणारी २०१८ची अधिसूचना टिकू शकली नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी पदविकाधारक शिक्षकच पात्र असल्याचा निर्णय दिला. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे, हे या निर्णयामागील सूत्र होते. परिणामी विशेष गरजा असणारे मूल पाचवीपर्यंत एका प्रकारच्या प्रशिक्षणातून आलेल्या शिक्षकांकडे शिकते, तर सहावीत ते बहुधा बी.एड. झालेल्या आणि विषयाच्या दृष्टीने विचार करणाऱ्या शिक्षकांकडे जाते. एका वर्गशिक्षकाच्या जागी तीन-चार विषयशिक्षक येतात. पाचवीच्या शिक्षकाने मुलाविषयी मिळविलेली जाण पुढे पोहोचविण्याची निश्चित पद्धत शाळेत नसेल, तर प्रत्येक शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोन परिषदा, दोन वाटा

या प्रशिक्षणातील मूळ अडचण रचनेची आहे. सर्वसाधारण शिक्षकांचे अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येतात. १९९३च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला व १९९५मध्ये ती त्या स्वरूपात कार्यरत झाली. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम मात्र १९९२च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नियंत्रणाखाली आहेत. विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी या परिषदेकडे नोंदणी अनिवार्य असते.

एका शिक्षकाला वर्ग शिकवायचा आणि दुसऱ्याला अक्षमता शिकवायची, अशी ही विभागणी आहे. विशेष शिक्षणातील बी.एड. करणारा विद्यार्थी श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा एखाद्या क्षेत्रात प्रावीण्य मिळवितो. सामान्य शाळेत नेमणूक झाल्यावर त्याला विविध प्रकारच्या अक्षमता असलेली मुले भेटतात. उलटपक्षी, सर्वसाधारण बी.एड. करणाऱ्याला तीस-पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळण्याचे शिक्षण मिळते. परंतु त्या वर्गातील ओठांच्या हालचाली पाहून बोलणे समजून घेणाऱ्या मुलीसाठी पाठात कोणता बदल करावा, हे त्याला क्वचितच प्रत्यक्ष करून पाहता येते. हे दोघे भावी शिक्षक प्रशिक्षणकाळात परस्परांना भेटतही नाहीत. नोकरीत आल्यावर मात्र त्यांनी एकत्र काम करावे, अशी अपेक्षा ठेवली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०ने ही त्रुटी मान्य केली आहे. दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत अधिक समन्वय असावा, तसेच विषयशिक्षक व सर्वसाधारण शिक्षकांना विशेष शिक्षणातील दुय्यम प्रावीण्य सेवेपूर्वी अथवा सेवेत असताना मिळविता यावे, असे धोरणात नमूद आहे.

दोन वर्षांत अर्धा विषय

शिक्षक प्रशिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर येण्यास महाराष्ट्रातील एक वाद निमित्त ठरला. राज्यातील पदविका विद्यालयांना दिलेल्या मान्यतेवरून निर्माण झालेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या सुमारे ९० टक्के संस्था खासगी क्षेत्रात असल्याकडे आयोगाने २०१२च्या अहवालात लक्ष वेधले व प्रशिक्षणाचा कालावधी वाढविण्याची शिफारस केली. त्यानंतर आलेल्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी एकूण २० आठवड्यांची तरतूद करण्यात आली.

याच आराखड्यात समावेशक शाळेची निर्मिती हा विषय सर्व विद्यार्थ्यांसाठी समाविष्ट झाला. पूर्वी अनेक ठिकाणी ऐच्छिक असलेल्या विषयाला अनिवार्य स्थान मिळाले, ही महत्त्वाची सुधारणा होती. तथापि हा अभ्यासक्रम पूर्ण विषयाच्या निम्म्या भाराचा असून तो दुसऱ्या वर्षी ठेवण्यात आला आहे. बालविकास, अध्ययन व अध्यापन यांचे मुख्य विषय, तसेच अध्यापनशास्त्राचा पहिला भाग पहिल्या वर्षीच होऊन जातो. ‘सर्वसाधारण’ मूल डोळ्यांसमोर ठेवून पाठाचे टाचण काढण्याची सवय छात्राध्यापकाला आधी लागते आणि वेगळ्या गरजांचे मूल त्याच्या विचारात नंतर येते. मग ते मूल टाचणाच्या शेवटी लिहिलेल्या एखाद्या ओळीपुरते उरते.

परीक्षेच्या अंगानेही हीच मर्यादा दिसते. अक्षमतेचे प्रकार, कारणे, लक्षणे व कायद्यांची कलमे यांवर लेखी प्रश्न सहज काढता येतात. एखाद्या मुलासाठी पाठ बदलून शिकविण्याचे कौशल्य लेखी उत्तरातून तपासता येत नाही.

एका पाठाचे उदाहरण

समावेशक अध्यापन म्हणजे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र पाठ घेणे, असा समज आढळतो आणि त्यामुळे अनेक शिक्षक धास्तावतात. वस्तुतः पाठाची आखणी करतानाच शिकण्याच्या एकाहून अधिक वाटा ठेवणे, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. माहिती अनेक प्रकारे समोर ठेवणे, समजलेले व्यक्त करण्याचे अनेक मार्ग देणे आणि मुलांना गुंतवून ठेवण्याचे विविध उपाय योजणे, ही त्याची तीन अंगे होत.

अपूर्णांकांचा पाठ घ्यावा. अर्धी व चतकोर भाकरी हे शब्द मराठी घरांतील मुलांच्या परिचयाचे असतात. कागदी किंवा पुठ्ठ्याच्या भाकरीचे समान तुकडे करून पाठाची सुरुवात केली, तर दृष्टिहीन मुलाला ते तुकडे हाताने चाचपता येतात, कर्णबधिर मुलीला कृती पाहता येते आणि अमूर्त चिन्हांत अडखळणाऱ्या मुलाला आधार मिळतो. उरलेल्या वर्गाचेही नुकसान होत नाही. उलट छेद व अंश पाठ करणाऱ्या मुलांना त्यांचा अर्थ कळतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यासाठी त्याच पाठात ‘अर्धे ओळखणे’ एवढे उद्दिष्ट ठेवता येते. पाठ एकच राहतो, अपेक्षा वेगळ्या असतात. उत्तर कुणी लिहून द्यावे, कुणी बोलून, तर कुणी तुकडे मांडून.

काही सवयींना तर कोणताही खर्च लागत नाही. फळ्याकडे तोंड करून न बोलणे, प्रकाश शिक्षकाच्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहणे, मागच्या बाकावरून आलेले उत्तर पुन्हा मोठ्याने सांगणे, फळ्यावर लिहिलेले वाचून दाखविणे, सूचना एकेक करून देणे, या गोष्टींनी श्रवणदोष, अल्पदृष्टी व अवधानाच्या अडचणी असलेल्या मुलांचा दिवस बदलू शकतो. या सवयी मात्र व्याख्यानाने लागत नाहीत. सराव पाठाच्या वेळी मार्गदर्शकाने त्या नेमकेपणाने पाहाव्या व दुरुस्त कराव्या लागतात.

मराठी वाचनातील अडथळे

अध्ययन अक्षमतेचे बरेचसे प्रशिक्षणसाहित्य इंग्रजी वाचनावर आधारलेले आहे. मराठी शाळेतील शिक्षकाला देवनागरीतील अडचणी ओळखता आल्या पाहिजेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दातील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असतो, उच्चार मात्र त्या अक्षराच्या आधी होतो. काना, मात्रा, उकार, वेलांटी ही चिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना येतात आणि जोडाक्षरांत मूळ अक्षराचे रूप पालटते. यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यावर मूल सातत्याने अडखळते, हे पाहणे हे शिक्षकाचे निरीक्षण होय. घरची बोली वेगळी असल्यामुळे होणारी चूक आणि अध्ययन अक्षमतेमुळे होणारी चूक यांत भेद करण्यासाठी तर हे निरीक्षण दीर्घकाळ नोंदवून ठेवावे लागते.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२मध्ये ‘प्रशस्त’ ही प्राथमिक पडताळणीची सूची शिक्षकांसाठी उपलब्ध करून दिली. अशी साधने वापरताना एक मर्यादा पाळणे आवश्यक असते. शिक्षकाने संशय नोंदवावा. निदान तज्ज्ञांनी करावे. अपुऱ्या प्रशिक्षणाच्या जोरावर मुलाला एखादे नाव चिकटविले गेले, तर ते त्याच्या मागे वर्षानुवर्षे राहते.

विशेष शिक्षकाची साथ

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. त्यानंतर सप्टेंबर २०२२मध्ये केंद्र शासनाने शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत दुरुस्ती करून पहिली ते पाचवीसाठी विशेष गरजा असणाऱ्या दर १० विद्यार्थ्यांमागे एक, तर सहावी ते आठवीसाठी दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण निश्चित केले. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने पदे अधिसूचित करण्याबाबत राज्यांना पुन्हा कालबद्ध निर्देश दिले. महाराष्ट्रात सर्व शिक्षा अभियान व नंतर समग्र शिक्षा योजनेखाली विशेष शिक्षक दीर्घकाळ कंत्राटी तत्त्वावर काम करीत आले. २०२४मध्ये राज्य शासनाने केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षक पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक एका शाळेत आठवड्यातून काही तासच देऊ शकतो. उरलेला सर्व वेळ मूल वर्गशिक्षक व विषयशिक्षक यांच्याबरोबर असते. म्हणजे विशेष शिक्षकांची पदे पूर्ण भरली, तरी पदवीधर शिक्षकाच्या तयारीची गरज कमी होत नाही. विशेष शिक्षकाने टेलर फ्रेमवर गणित कसे मांडायचे ते मुलाला शिकवावे आणि गणिताच्या शिक्षकाने त्या मुलाला वर्गातील उदाहरण सोडविण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा, अशी ही कामाची वाटणी आहे. वैयक्तिक शिक्षण आराखडा दोघांनी पालकांसह बसून तयार केला, तरच तो कपाटातील फाइलीबाहेर येतो.

प्रशिक्षणात काय बदलावे?

पदवीपातळीवर प्रारंभिक शिक्षणाचे शिक्षक घडविण्याचा एक दीर्घ प्रयोग दिल्ली विद्यापीठात झाला. १९९४मध्ये तेथे सुरू झालेल्या चार वर्षांच्या बी.एल.एड. अभ्यासक्रमाने विषयज्ञान, बालकाचा अभ्यास व शाळेतील काम यांना पहिल्या वर्षापासून एकत्र गुंफले. नव्या धोरणानुसार २०२३-२४पासून सुरू झालेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमात असा वेळ उपलब्ध आहे. तो वेळ कसा वापरला जातो, यावर पुढील पिढीतील शिक्षकांची तयारी अवलंबून राहील.

त्यासाठी तीन बदल निर्णायक ठरू शकतात. पहिला म्हणजे समावेशकता स्वतंत्र अर्ध्या विषयात न अडकविता प्रत्येक विषयाच्या अध्यापनशास्त्रात आणणे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला नकाशा कसा शिकवावा, हे भूगोलाच्या अध्यापनपद्धतीच्या तासालाच शिकविले गेले पाहिजे. दुसरा बदल आंतरवासितेचा आहे. छात्राध्यापकाने किमान एका विशेष गरजा असणाऱ्या मुलाबरोबर संपूर्ण कालावधी काम करावे, त्याच्या प्रगतीची नोंद ठेवावी आणि तिच्यावर गुण असावेत. तिसरा बदल दोन्ही वाटा जोडण्याचा आहे. सर्वसाधारण व विशेष बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी एकाच शाळेत जोडीने पाठ आखून घ्यावेत. ज्या शहरांत दोन्ही प्रकारची महाविद्यालये आहेत, तेथे यासाठी नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. विद्यापीठ व दोन्ही परिषदांची संमती लागते.

सेवेत असलेल्या शिक्षकांचा विचारही तितकाच निकडीचा आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमाने प्रारंभिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले व त्यात समावेशक वर्गाचा विषय घेतला. अशा मोठ्या कार्यक्रमांतून विषयाची ओळख होते. ओळखीचे कौशल्यात रूपांतर होण्यासाठी शिक्षण परिषदेत शिक्षकांनी आपल्या वर्गातील एका मुलाची अडचण मांडावी, विशेष शिक्षकाबरोबर उपाय ठरवावा आणि पुढील परिषदेत त्याचा परिणाम सांगावा, एवढी साधी शिस्तही उपयोगी पडते.

समावेशक शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. तो हक्क मुलाच्या हाती पडतो तो गणिताच्या, भाषेच्या किंवा विज्ञानाच्या एखाद्या तासाला. त्या तासाला वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला आपल्या प्रशिक्षणात असे मूल एकदाही भेटलेले नसेल, तर त्या मुलाची पहिली चाचपडणारी वर्षे हाच त्या शिक्षकाचा सराव ठरतो. त्याची किंमत मूल मोजते. प्रशिक्षणाची व्यवस्था सुधारण्याचे कारण याहून वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.